हलक्या धातूचं खारं दुखणं

मानखुर्दला आमच्या खिडकीचे गज दर दोन-तीन वर्षांनी रंगवावे लागतात. खाडीचा खारा वारा लोखंड खातो, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. पण लोखंडाहूनही झटपट झिजणारा धातू मला मंडाळ्याच्या भंगारबाजारात एकदा भेटला. ओळखीच्या दुकानदारानं एका मोडक्या यंत्राचं झाकण हातात दिलं. ॲल्युमिनियम म्हणावं, तर वजनच लागेना. त्यानं कानशीनं कोपरा घासून वर लिंबू पिळलं. फसफस बुडबुडे आले.

‘‘चाचा, हे मॅग्नेशियम. पावसात राहिलं, की पांढरी भुकटी होते.’’

एका घनसेंटीमीटर लोखंडाचं वजन ७.८७ ग्रॅम, ॲल्युमिनियमचं २.७ आणि मॅग्नेशियमचं अवघं १.७४. त्याच्या मिश्रधातूत सिरॅमिकचे बारीक पोकळ गोळे मिसळले, की धातूचा जणू फेसच होतो. न्यूयॉर्क विद्यापीठातील निखिल गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली असा पदार्थ जाहीर केला. त्याची घनता ०.९२, म्हणजे तो चक्क पाण्यावर तरंगतो! वाहनं, नौका हलक्या झाल्या, की इंधन वाचतं.

पण तरंगायचं ते खाऱ्या पाण्यावर. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा घट्ट थर बसतो. मॅग्नेशियमवरचा थर विरळ असतो आणि मीठ तो भेदतं. धातूत लोखंड, निकेल किंवा तांब्याचा अंश असला, तर तिथं विजेचा छोटा घटच तयार होतो आणि त्यात झिजतं ते मॅग्नेशियम. गिझरमध्ये हीच खोड कामी येते. आतली मॅग्नेशियमची कांडी स्वतः विरघळते आणि टाकी वाचवते. आमची टाकी गळू लागली, तेव्हा कळलं, की कांडी कधीच संपली होती.

फेसात दुखणं वाढतं. गोळा फुटला, की खळग्यात खारं पाणी साचतं. गोळा आणि धातू यांच्या सांध्यातूनही ते आत शिरतं. म्हणून लोखंडाचा अंश अगदी कमी ठेवतात, मँगनीज मिसळतात, गोळे अखंड राहतील असं पाहतात. वरून विजेच्या ठिणग्यांनी सिरॅमिकसारखा थर चढवतात. तरी एक खोल चरा पडला, की तिथून झीज सुरू.

आणि गंमत पाहा, हाड जोडणाऱ्या मॅग्नेशियमच्या स्क्रूला युरोपात २०१३ साली मान्यता मिळाली. हाड जुळेपर्यंत तो टिकतो, मग हळूहळू विरघळतो. स्क्रू काढायची दुसरी शस्त्रक्रिया टळते. म्हणजे नौकेतलं मॅग्नेशियम झिजू नये आणि हाडातलं वेळेवर झिजावं, यासाठी सारी खटपट.

दुकानदारानं मात्र आपला उपाय केला. झाकण उचललं, पुसलं आणि ताडपत्रीखाली सरकवलं.