सातबाऱ्यातून डेटाबेसची ओळख

संगणक हा विज्ञान शाखेच्या मुलांचा विषय, कला शाखेच्या विद्यार्थ्याने त्या वाटेला जाऊ नये, असा आपल्याकडे एक समज आहे. परंतु डेटाबेस म्हणजे मुळात नोंदी ठेवण्याची शिस्त होय, आणि तिचा एक जुना नमुना करवीर, कागल, पन्हाळा, राधानगरीकडून कॉलेजला येणाऱ्या पुष्कळांच्या घरी ट्रंकेत जपून ठेवलेला असतो. तो म्हणजे सातबारा.

सातबारा हा एकच कागद दिसत असला तरी तो दोन वह्यांचा जोड आहे. तलाठ्याच्या दप्तरात १ ते २१ क्रमांकांचे गाव नमुने असतात. नमुना ७ मध्ये जमीन कोणाकडे, किती व कोणत्या हक्काने आहे हे असते. नमुना १२ मध्ये तीत कोणते पीक आहे हे असते. धारक वर्षानुवर्षे तोच राहतो, पीक मात्र हंगामागणिक बदलते. म्हणून दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या वह्यांत लिहून गट नंबराने जोडल्या. डेटाबेसमध्येही असेच वेगवेगळे तक्ते करून ते किल्लीने जोडतात. आय.बी.एम. कंपनीत काम करणाऱ्या एडगर कॉड या इंग्रज शास्त्रज्ञाने १९७० साली हा विचार गणिती रीतीने मांडला. आज जगभरच्या बँकांची व कार्यालयांची असंख्य दप्तरे त्याच पायावर उभी आहेत.

किल्ली म्हणून माणसाचे नाव चालत नाही. एका गावात एकाच नावाचे चार पाटील सहज सापडतात. नुसता गट नंबरही पुरत नाही, कारण गट नंबर ११२ अनेक गावांत असतो. जिल्हा, तालुका, गाव व गट नंबर मिळून जी खूण होते तीच एका जमिनीला नेमकी दाखवते. प्रत्येक नोंदीला अशी एकमेव खूण हवी, हा पहिला नियम.

दुसरा नियम असा की, एक गोष्ट एकाच ठिकाणी लिहावी. नमुना ७ जमिनीनुसार असतो, तर नमुना ८-अ मध्ये एका खातेदाराच्या सर्व जमिनी एकत्र दिसतात. कागदाच्या जमान्यात ही एकच माहिती दोन वह्यांत लिहावी लागे. एकीत फेरबदल झाला व दुसरीत राहून गेला, तर खरे कोणते मानावे? डेटाबेसची रचना नीट असेल तर जमीन, खातेदार आणि कोणाचा कोणत्या गटात किती हिस्सा, असे तीन तक्ते पुरतात. दोन्ही उतारे त्यांतूनच हवे तेव्हा काढता येतात.

तिसरा नियम म्हणजे एका रकान्यात एकाच प्रकारची माहिती असावी. याचे महत्त्व सातबाऱ्यावरच नीट कळते. पुष्कळ जुन्या उताऱ्यांवर थोरल्या भावाचे नाव लिहून पुढे 'ए.कु.मॅ.', म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, एवढेच लिहिलेले असते. धाकट्यांची नावे नाहीत. 'इतर हक्क' या रकान्यात सोसायटीचा बोजा, कुळाचे नाव आणि लग्न होऊन गेलेल्या बहिणींची नावे एकाखाली एक असतात. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीला वडिलांच्या मिळकतीत वाटा दिला. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीतही ती मुलाच्या बरोबरीची झाली. पण कागदावर ती कर्जाच्या शेजारीच राहिली. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५७ प्रमाणे अशी नोंद, उलट सिद्ध होईपर्यंत, खरी मानली जाते. नोंदीमुळे बहिणीचा हक्क बुडत नाही, परंतु तो सिद्ध करण्याचा भार तिच्यावर येतो.

चौथा नियम व्यवहाराचा. जमीन विकली की जुने नाव कमी होणे व नवे लागणे ही दोन्ही कामे व्हावीत, नाहीतर एकही होऊ नये. मध्येच वीज गेली म्हणून जमीन बेवारशी दिसता कामा नये. आपल्या पद्धतीत फेरफार आधी नमुना ६ मध्ये लिहितात, संबंधितांना नोटीस देतात, हरकतीसाठी १५ दिवस ठेवतात आणि मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित केल्यावरच सातबारा बदलतो. जुने नाव पूर्वी कंसात जाई, आता ते आडवी रेघ मारून खोडलेले दिसते, व फेरफार क्रमांक दिसत राहतो. त्यामुळे बदल केव्हा व कशाने झाला हे मागाहून तपासता येते.

महाराष्ट्रात २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. ही सोय मोठीच आहे. तथापि संगणक जे लिहिले तेच सांभाळतो. हस्तलिखितात वगळलेले नाव तो आपणहून शोधून आणीत नाही. कोणते रकाने ठेवायचे आणि कोणाला कोठे बसवायचे, हे माणसेच ठरवतात. त्यासाठी वारसा, कुटुंब व कायदा यांची जाण लागते, आणि हे तर आपल्याच शाखेचे विषय आहेत.

मित्रहो, या सुट्टीत घरचा सातबारा व आठ-अ शेजारी ठेवून वाचा. कोणत्या नावाची नोंद कोणत्या फेरफाराने झाली आणि घरातले कोणते नाव त्यात नाही, हे पाहा. डेटाबेसचा पहिला धडा तेथेच होईल. आणि एखादे नाव राहिलेले दिसले, तर वारस नोंदीचा अर्ज देता येतो.