त्रिकोणातला आकडा आणि भंगारवाल्याचा काटा

दह्याचा रिकामा डबा पालथा करून पाहा. बुडाशी तीन बाणांचा एक छोटा त्रिकोण असतो आणि त्यात एक आकडा. तो दिसला की बहुतेकांना हायसं वाटतं, कारण याचं रिसायकलिंग होणार असा त्याचा अर्थ आपण लावतो. तसं तो त्रिकोण कुठेच म्हणत नाही. १९८८ मध्ये अमेरिकेतल्या प्लॅस्टिक उद्योगाच्या संघटनेने ही खूण काढली ती प्लॅस्टिकचा प्रकार ओळखता यावा म्हणून. १ म्हणजे पाण्याच्या बाटलीचं पेट, २ म्हणजे शाम्पू-फिनेलच्या बाटल्यांचं एचडीपीई, ५ म्हणजे डब्यांचं पॉलिप्रॉपिलीन. ६ मध्ये थर्माकोल येतो आणि ७ म्हणजे आधीच्या सहांत न बसलेलं काहीही. ही वस्तूचं नाव-गाव सांगणारी पाटी आहे, भविष्य सांगणारी पत्रिका नव्हे. बाणांमुळे लोकांची इतकी दिशाभूल झाली की २०१३ मध्ये मानकातून ते काढून साधा भरीव त्रिकोण ठेवला गेला. जुन्या वळणाचे बाण मात्र बाजारातून गेलेले नाहीत.

मग वस्तू पुढे जाणार की नाही, हे कसं ओळखायचं? दारावर येणाऱ्या भंगारवाल्याला विचारा. तो धर्मादाय काम करत नाही. त्याच्या काट्यावर जे चढतं त्याला पुढे गिऱ्हाईक आहे, आणि जे तो हाताने बाजूला सारतो त्याला नाही, मग त्यावर कितीही बाण छापलेले असोत. पुण्यात १९९३ मध्ये कचरावेचकांची संघटना उभी राहिली तिचं नाव ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’. नावात प्लॅस्टिक नाही. त्या तीन शब्दांत भंगाराच्या धंद्याचं जुनं दरपत्रकच आहे, असं मला ते वाचताना दर वेळी वाटतं.

वेफर्सचं पाकीट भंगारवाला घेत नाही, यात त्याचा आळस नाही. ते पाकीट म्हणजे वेगवेगळ्या प्लॅस्टिकचे थर आणि त्यांवर ॲल्युमिनियमचा अगदी पातळ मुलामा. हे थर परवडेल अशा खर्चात सुटे होत नाहीत, आणि पोतंभर पाकिटं गोळा केली तरी काटा जेमतेम हलतो. अशा मालाची बरी गत म्हणजे सिमेंटच्या भट्टीत कोळशाच्या जोडीला जाळणं. कचरा डेपोत पडून राहण्यापेक्षा ते चांगलं, पण त्याला रिसायकलिंग म्हणू नये. जळण ते जळणच.

‘प्लॅस्टिक शेवटी सगळं एकच, वितळवलं की झालं’ हा समज तर पाण्याच्या एका बाटलीपाशीच मोडतो. बाटली पेटची, झाकण वेगळ्या प्लॅस्टिकचं, लेबल आणखी तिसऱ्याचं. कारखान्यात बाटल्यांचे बारीक तुकडे करून ते पाण्याच्या टाकीत सोडतात. पेट पाण्याहून जड, ते तळाशी बसतं. झाकणाचे तुकडे हलके, ते वर तरंगतात आणि काढून घेता येतात. इतकी सोपी युक्ती. पण लेबल पीव्हीसीचं असेल तर तेही बुडतं आणि पेटमध्ये मिसळतं. पेट वितळायला अडीचशे अंशांच्या वर तापवावं लागतं. तेवढ्या उष्णतेत पीव्हीसी करपतं, त्यातून आम्लाची वाफ सुटते आणि मूठभर लेबलांपायी बराच माल पिवळा पडतो. म्हणूनच यंत्राच्या आधी माणूस लागतो. प्लॅस्टिकचे प्रकार हाताने, नजरेने वेगळे करायला बसलेल्या बाया हा या उद्योगाचा खरा पाया आहे, आणि सगळ्यात कमी पैसा त्यांच्याच हाती पडतो.

एवढं करून बाटलीची पुन्हा बाटली होतेच असंही नाही. पुष्कळदा तिचा धागा होतो, धाग्याचा टी-शर्ट किंवा उशीतला भराव. तो टी-शर्ट विटला की त्याला भंगारात भाव नसतो. कागदाचंही तसंच आहे. दर खेपेला त्याचा तंतू आखूड होतो, त्यामुळे पाच-सात फेऱ्यांनंतर त्याचा कागद धरत नाही. धातूची गोष्ट वेगळी. ‘मोडीत काढणे’ हा वाक्प्रचार आपण आज निरुपयोगी ठरवणे या अर्थाने वापरतो. पण जुनं पितळेचं पातेलं मोडीत दिलं म्हणजे ते वितळून पुन्हा भांडं व्हायला निघालं. तांबं-पितळ, लोखंड, ॲल्युमिनियम कितीदाही वितळवा, धातू धातूच राहतो. भंगारातून ॲल्युमिनियम करायला खनिजापासून करण्याच्या तुलनेत विसावा भाग ऊर्जा पुरते. काचही अशीच पुन्हा पुन्हा वितळते, फक्त ती जड असते, फुटते, आणि वाहतुकीतच तिचा भाव संपतो.

जगाचा हिशेब मांडणारा एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. २०१५ पर्यंत जेवढ्या प्लॅस्टिकचा कचरा झाला, सुमारे ६३० कोटी टन, त्यातलं अवघं ९ टक्के रिसायकल झालं होतं. ७९ टक्के डेपोंत किंवा उघड्यावर पडून होतं.

‘घंटागाडीत सगळं एकत्रच करतात, मग घरी दोन डबे कशाला?’ हा प्रश्न सोसायटीच्या प्रत्येक बैठकीत येतो, आणि तो अगदीच निराधार नाही. जिथे असं होतं तिथे तक्रार करायलाच हवी. पण कालची आमटी सांडलेल्या वर्तमानपत्राला रद्दीवाला हात लावत नाही, आणि ते गाडीत चढण्याआधी, आपल्याच ओट्याखाली बिघडलेलं असतं. पुण्यात २००८ पासून ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करते. सुक्यातून निघणारं भंगार विकून येणारा पैसा हा तिथल्या कामगारांच्या कमाईचा मोठा भाग. आपण एकत्र केलेलं हे कामगार हातांनी निवडतात. ओला कचरा ढिगाखाली हवेविना कुजला की मिथेन होतो आणि ढीग पेटायला निमित्त लागत नाही. जानेवारी २०१६ मध्ये मुंबईतल्या देवनार डेपोला लागलेल्या आगीचा धूर उपग्रहांनाही दिसला होता.

उलट टोकाचा गैरसमज म्हणजे सगळं साबणाने लख्ख धुवायचं. गरज नाही. दुधाची पिशवी पाण्याने विसळून वाळवली की पुरे. फक्त तिचा कोपरा कापून वेगळा करू नका, नुसता चिरा. तो चिमुकला तुकडा कुणाच्याच पोत्यात पोचत नाही. दुकानाच्या गुळगुळीत पावत्या रद्दीत घालू नका, त्यांवर रसायनाचा थर असतो. आणि ‘कंपोस्टेबल’ लिहिलेली पिशवी गच्चीवरच्या खतकुंडीत टाकून वाट बघत बसू नका. तिला मोठ्या प्रकल्पातली, पन्नास-साठ अंशांची सलग उष्णता लागते.

आता खणात पडलेले जुने मोबाइल. टोकियो ऑलिंपिकची सगळी पदकं जपानी लोकांनी दिलेल्या जुन्या यंत्रांतून काढलेल्या धातूंची होती. सुमारे ७९ हजार टन यंत्रं आणि त्यात ६२ लाख मोबाइल, यांतून ३२ किलो सोनं निघालं. चांगल्या खाणीतल्या टनभर दगडातही सोनं काही ग्रॅमच असतं. टनभर मोबाइलमध्ये ते त्याच्या कितीतरी पट. तरी २०२२ मध्ये जगात झालेल्या ६ कोटी २० लाख टन ई-कचऱ्यापैकी जेमतेम २२ टक्क्यांची रीतसर प्रक्रिया झाल्याची नोंद आहे.

इथे मात्र मघाशी सांगितलेली काट्याची कसोटी अपुरी पडते. मोबाइल, वायरी, चार्जर भंगारवाला आनंदाने घेतो. पुढे त्या वायरी तांब्यासाठी उघड्यावर जाळल्या जातात, सर्किट आम्लात बुडवलं जातं. थोडं सोनं-तांबं निघतं, बाकीचे मौल्यवान धातू आम्लाबरोबर गटारात जातात आणि धूर जाळणाऱ्याच्या छातीत. वस्तू पुढे जाईल का, एवढंच काटा सांगतो. कशी जाईल, हे सांगत नाही.

याचा सगळ्यात कडू नमुना म्हणजे इन्व्हर्टरची बॅटरी. रिसायकलिंगचा आकडाच पाहायचा तर तिच्यासारखी गुणी वस्तू नाही, आतलं जवळजवळ सगळं शिसं परत मिळतं. पण मागच्या अंगणातल्या भट्टीत ती फोडली की शिशाची धूळ मातीत आणि तिथे खेळणाऱ्या पोरांच्या रक्तात उतरते. युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थांच्या २०२० मधल्या अहवालाने जगातल्या सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात चिंताजनक शिसं असल्याचं म्हटलं, आणि अशा भट्ट्या हे त्याचं एक मोठं कारण म्हणून दाखवलं. वापरलेली बॅटरी परत घेणं विक्रेत्यावर बंधनकारक करणारे नियम आपल्याकडे २००१ मध्येच आले. तरीही भंगारवाला दुकानदाराहून चार पैसे जास्त देऊ करतो तेव्हा ते कुठून येतात, याचा विचार करावा. अंगणातल्या भट्टीला धूर गाळायचा खर्च नसतो. नवी बॅटरी घ्याल तेव्हा जुनी तिथेच द्या, आणि तिची वजावट बिलावर लिहून घ्या.