चयापचय आणि वजन: काटा अडतो तेव्हा

गेल्या वेळच्या व्याख्यानानंतर बऱ्याच जणांनी एकच गोष्ट विचारली: "चाळिशी उलटली की चयापचय मंदावतो, मग वजन उतरणार कसं?" आज आम्ही याबद्दलच बोलणार आहोत.

आधी चयापचय म्हणजे काय ते बघू. आपण दिवसभर नुसते पडून राहिलो तरी हृदय, मेंदू, यकृत, मूत्रपिंडं यांचं काम चालूच असतं. बहुतेकांच्या रोजच्या ऊर्जेतला साधारण 60 ते 70 टक्के वाटा यातच जातो. सुमारे 10 टक्के अन्न पचवायला लागतात, आणि उरलेली ऊर्जा हालचालीला.

आता वयाचं. 2021 साली 'सायन्स' या नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला. 29 देशांतली 6400हून जास्त माणसं त्यात होती, आठ दिवसांच्या बाळापासून 95 वर्षांच्या आजोबांपर्यंत. शरीराचा आकार आणि स्नायूंचं प्रमाण हिशेबात धरलं, तर 20 ते 60 या वयात चयापचय जवळपास स्थिर असतो, असं दिसलं. उतार लागतो तो साठीनंतर, तोही वर्षाला एक टक्क्याहून कमी. तेव्हा चाळिशीतल्या पोटाचा दोष वयावर ढकलता येत नाही. बैठं काम, घटलेले स्नायू, अपुरी झोप आणि ताटातला वाढता घास, हे आधी तपासायला हवं.

मग वजन उतरत असताना काटा मध्येच का अडतो? 90 किलोचं शरीर 80 किलोवर आलं की त्याला चालवायला ऊर्जाही कमी लागते. शिवाय शरीर काटकसर करतं. अमेरिकेतल्या 'द बिगेस्ट लूजर' या दूरचित्रवाणी स्पर्धेतल्या 14 जणांना केव्हिन हॉल यांच्या गटाने सहा वर्षांनी पुन्हा तपासलं. बहुतेकांचं बरंच वजन परत आलं होतं, तरीही विश्रांतीतला त्यांचा खर्च अपेक्षेपेक्षा दिवसाला सरासरी 500 कॅलरींनी कमी होता! त्यातच चरबी घटली की लेप्टिन हे संप्रेरक कमी होतं आणि भूक वाढते. म्हणजे उत्पन्न घटलं म्हणून घराने खर्चाला कात्री लावावी, तसं हे आहे.

म्हणून काटा अडला की "माझ्यात जिद्दच नाही" असं म्हणून स्वतःला कोसू नका, आणि घरच्यांनीही टोमणे मारू नयेत. उपासमार करून झटपट वजन उतरवण्यापेक्षा हळूहळू उतरवलेलं बरं. जेवणात डाळ, उसळ, दही, अंडी असू द्या. आठवड्यातून दोन-तीनदा स्नायूंना ताण देणारा व्यायाम करा, म्हणजे चरबीबरोबर स्नायू झडणार नाहीत. आणि वजन वाढण्याबरोबर सतत थकवा, थंडी सहन न होणं, बद्धकोष्ठता असेल, तर थायरॉईडची तपासणी करून घ्या.

आता तुमच्या प्रश्नांकडे वळू.