गच्चीवरची ग्रहमाला

सिम्फनी ऑर्केस्ट्रा प्रत्यक्ष ऐकायचा तर आम्हा जालनेकरांना मुंबईचं एनसीपीए गाठावं लागतं. लेकरांना घेऊन ते कुठलं जमायला! म्हणून मी गच्चीवर सतरंजी टाकून, स्पीकर लावून गुस्ताव होल्स्टची ‘द प्लॅनेट्स’ ऐकवते. १९१४ ते १९१७ दरम्यानची ही रचना. ग्रह सातच, पृथ्वी नाही, आणि प्लूटो तर १९३०मध्ये सापडला. मंगळ पाच मात्रांत धडधडतो, पोरं पाय आपटून मोजतात. नेपच्यूनच्या शेवटी पडद्याआडून गाणाऱ्या बायकांचे सूर विरत जातात. मग केसरबाई केरकरांची भैरवी; १९७७पासून व्हॉयेजर यानांवर ती खरोखरच अंतराळात आहे. लहानग्यांना सगळं एकदम ऐकवू नका. एका रात्री एक ग्रह पुरे.