शिशाच्या दारामागची पाळी

पहाटे 5:10. मानखुर्द. मावशींचा डबा भरून झाला: तीन पोळ्या, बटाट्याची भाजी. कुर्ल्याला गाडी बदलायची. रुग्णालयातल्या आयोडीन वॉर्डात त्या सफाईचं काम करतात, कंत्राटावर. पीएफ कापून महिन्याला 14,800 हातात येतात.

7:30. झाडूच्या आधी छातीवर बिल्ला. अंगाला किती किरण लागले ते हा टीएलडी बॅज टिपतो, दर तीन महिन्यांनी वाचायला जातो. किरणांत काम करणाऱ्याला वर्षाला सरासरी 20 मिलिसिव्हर्टची मर्यादा. मावशींना आकडा पाठ आहे. कंत्राटी बाईला बिल्ला कशाला, असं कुणीतरी विचारलं होतं. सेफ्टी ऑफिसर मॅडम भांडल्या, म्हणून मिळाला.

8:15. काल एक रुग्ण घरी गेला. त्याच्या खोलीत आधी मॅडमचं किरण मोजणारं मीटर फिरतं: नळ, कमोड, उशी, दाराची मूठ. पोटात घेतलेलं आयोडीन-131 लघवीतून, घामातून, थुंकीतून बाहेर पडतं. उशीपाशी मीटर कडकडतं. अभ्रा पिशवीत, पिशवीवर तारीख, पिशवी कोठीत. दर आठ दिवसांनी किरण निम्मे होतात. दोन-अडीच महिन्यांनी ती पिशवी उघडायची, मग अभ्रा धुवायचा. संडासाचं पाणीही टाक्यांत असंच साठवून ठेवतात.

11:20. जळगावच्या ताई आल्या आहेत. कर्करोग झाला म्हणून थायरॉइड काढली. गेले दोन आठवडे आयोडीनचं मीठ बंद, मासे बंद. शिशाच्या डब्यातून आयोडीन-131ची कॅप्सूल येते, 100 मिलिक्युरीची. थायरॉइडच्या उरल्यासुरल्या पेशी हे आयोडीन ओढून घेतात आणि त्याच्याच किरणांनी मरतात. दार लागतं. मावशी बाहेरून सांगतात, "ताई, पाणी भरपूर प्या. फ्लश दोनदा करा. रडू नका, मी इथंच आहे."

12:05. ताईंना उलटी झाली. बेसिनपर्यंत पोचल्या नाहीत.

मॅडम आधी मीटर घेऊन आत जातात आणि मिनिटं मोजायला नर्सला बाहेर उभं करतात. मग मावशी. दोन जोड हातमोजे, बुटांवर प्लास्टिक, अॅप्रन. शोषून घेणारा कागद अंथरायचा, दाबायचा, उचलायचा. पुसायचं ते कडेकडून आत, म्हणजे डाग पसरत नाही. कपडा एकदाच वापरायचा. मीटर. परत कपडा. परत मीटर. "पाच मिनिटं झाली," नर्सचा आवाज येतो. मावशी तशाच बाहेर येतात. उरलेलं मॅडम पुसतात.

हातमोजे काढल्यावर मावशींच्या मनगटापाशी मीटर बोललं. शिंतोडा आत गेला होता. कोमट पाणी, साधा साबण, हलका हात. मावशींचा हात सवयीनं घासायला जातो. मॅडम तो धरतात. खरचटलं तर आयोडीन तिथून रक्तात शिरेल. तीन वेळा धुतल्यावर मीटर मूळ आकड्यावर आलं. आयोडीन पोटात गेलं असतं तर पोटॅशियम आयोडाइडची गोळी द्यावी लागली असती, तीही पहिल्या काही तासांतच. साध्या आयोडीननं थायरॉइड भरून गेली की किरणांच्या आयोडीनला तिथं जागा उरत नाही. कपाटात गोळ्या आहेत, आज लागल्या नाहीत. नोंदवहीत वेळ लिहिली, मावशींनी सही केली.

2:00. जेवण. हात पुन्हा धुऊन. चहा दहा रुपये.

4:30. बिल्ला फळीवर टांगला. तो घरी न्यायचा नसतो.

6:40. मानखुर्द. मावशींचे दीर भंगार फोडतात. मावशींनी वॉर्डातल्या दारावरचं, किरणांचा धोका सांगणारं तीन पात्यांचं चिन्ह त्यांना कागदावर काढून दिलंय, तो कागद काट्याच्या वर चिकटवलेला आहे. 2010 साली दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात विद्यापीठातलं एक जुनं यंत्र विकत आलं. आत कोबाल्ट-60 होतं. ते फोडणाऱ्यांची कातडी काळी पडली, केस गळले, रक्तातल्या पांढऱ्या पेशी घसरल्या. कारण किरणांनी अस्थिमज्जाच रक्त बनवेनाशी होते. मग रक्त चढवायचं, पेशी वाढवणारी इंजेक्शनं द्यायची, जंतुसंसर्ग होऊ द्यायचा नाही, एवढंच डॉक्टरांच्या हाती उरतं. एक मजूर वाचला नाही. त्यांच्यापैकी कुणाच्या छातीवर बिल्ला नव्हता.

तीन पात्यांचं चिन्ह असलेली वस्तू भंगारात दिसली, किंवा आकाराच्या मानानं फार जड असा बंद डबा हाती लागला, तर तो फोडू नका. लांब व्हा, इतरांना लांब करा, पोलिसांना कळवा.