घरपट्टीला आठवण असते

कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे शहरात, समजा, शेजारी शेजारी दोन घरं आहेत. खोल्या तेवढ्याच, अंगण तेवढंच, आणि आज विकायला काढली तर दोन्हींना १५ लाख डॉलर येतील. पण एका घराची वर्षाची घरपट्टी साधारण १,५०० डॉलर आहे आणि दुसऱ्याची १५,०००. दारासमोरचा रस्ता एकच, संकटात धावून येणारा अग्निशमन बंबही एकच. फरक एवढाच, की पहिलं घर १९७८ साली ६० हजार डॉलरला घेतलेलं आहे आणि दुसरं अगदी अलीकडे, आजच्या भावानं. घरं कल्पनेतली असली तरी हिशेब खरा आहे, आणि तो पूर्णपणे कायदेशीर आहे. सिलिकॉन व्हॅलीत नव्यानं घर घेणाऱ्या कितीतरी मराठी कुटुंबांना तो पहिल्याच बिलात भेटतो.

असं का होतं, हे शोधायला गेलं की अमेरिकेतल्या स्थानिक कारभाराचं एक अजब यंत्र उघडून पाहायला मिळतं. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. फरक असा की तिथं जिल्हाधिकारी नेमला जात नाही, निवडून आलेलं मंडळ कारभार पाहतं. तुरुंग, शेरीफ, साथरोग, मतदान, जमिनीचे दस्त, गरिबांची मदत ही सगळी काउंटीची कामं. कॅलिफोर्नियात अशा ५८ काउंटी आहेत. लॉस एंजेलिस काउंटीत सुमारे १ कोटी माणसं राहतात, तर डोंगरातल्या अल्पाइन काउंटीत जेमतेम बाराशे. मंडळावर सदस्य मात्र दोन्हीकडे पाचच! आणि सगळ्यात नवल वाटावं असं पद म्हणजे असेसर. तुमच्या घराची करासाठीची किंमत ठरवणारा हा अधिकारी चक्क मतं मागून निवडून येतो.

गोष्ट सुरू होते ती याच खुर्चीपासून. असेसरला मतं हवी असतात, आणि मतं असतात घरमालकांकडे. त्यामुळे कित्येक वर्षं घरांच्या किमती मुद्दाम कमी धरल्या जात आणि भार धंद्यांच्या इमारतींवर टाकला जाई. मग काही धंदेवाले आपलं मूल्यांकन उतरवून घेण्यासाठी लाच देऊ लागले. १९६०च्या दशकात हे प्रकरण फुटलं आणि सॅन फ्रान्सिस्कोचे असेसर रसेल वोल्डन यांना शिक्षा झाली. १९६६ साली विधिमंडळानं कायदा केला, की सगळ्या मालमत्तांचं मूल्यांकन बाजारभावाच्या एकाच प्रमाणात व्हावं. कारभार स्वच्छ झाला खरा, पण घरमालकांना इतकी वर्षं चोरपावलांनी मिळणारी सवलतही त्याबरोबर गेली. सत्तरच्या दशकात घरांचे भाव भडकले तेव्हा घरपट्टी त्यांच्यामागोमाग धावली. ठरावीक पेन्शनवर जगणाऱ्या म्हाताऱ्या जोडप्यांचं उत्पन्न होतं तिथंच राहिलं, बिलं मात्र फुगत गेली. भ्रष्टाचार निपटणाऱ्या सुधारणेनंच करदात्यांच्या बंडाला वाट करून दिली, हे वाचून मी थक्क झालो.

६ जून १९७८ रोजी हॉवर्ड जार्व्हिस आणि पॉल गॅन यांनी पुढे आणलेला 'प्रपोझिशन १३' हा प्रस्ताव जवळपास दोन तृतीयांश मतांनी मंजूर झाला आणि थेट राज्यघटनेत गेला. कर किमतीच्या १ टक्क्यावर बांधला गेला. ती किंमत ठरणार खरेदीच्या वेळी, आणि पुढे वर्षाला फार तर २ टक्क्यांनी वाढणार. आधीच्या घरांसाठी घड्याळ १९७५पर्यंत मागे फिरवलं गेलं. म्हणजे तेव्हापासून घरपट्टी घराचा आजचा भाव विचारत नाही, तुम्ही घर कधी घेतलंत एवढंच लक्षात ठेवते. ६० हजारांचं घर दरसाल २ टक्क्यांनी वाढवत नेलं, तर आज ते कागदावर दीड लाखाच्या आसपास भरतं. त्याचा १ टक्का म्हणजे ते १,५०० डॉलर. स्थानिक कर्जरोख्यांसाठीची भर वेगळी.

एका झटक्यात मालमत्ता कराचं उत्पन्न निम्म्याहून जास्त घटलं. तुरुंग आणि दवाखाने मात्र होते तेवढेच राहिले. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? राज्याच्या तिजोरीत तेव्हा सुमारे ५०० कोटी डॉलरची शिल्लक होती, तिच्यातून काउंटींना आणि शाळांना तारलं गेलं. पण पैशाबरोबर सूत्रंही राजधानी सॅक्रामेंटोकडे गेली. तो १ टक्का शाळा, काउंटी, शहर, अगदी डासनिर्मूलन मंडळापर्यंत कसा वाटायचा, याचं सूत्र १९७९ साली राज्यानं ठरवलं, आणि तेही बहुतांशी जुन्या वाट्यांच्या प्रमाणात. सत्तरच्या दशकात ज्या काउंटीनं काटकसर करून कर कमी ठेवला होता, तिच्या वाट्याला आजही कमीच येतं. काटकसरीची अशी शिक्षा कुणी ठरवून दिली नव्हती, पण ती मिळाली.

मग पैशासाठी नवे रस्ते शोधले जाऊ लागले. घरांपेक्षा मोठी दुकानं आणि मॉल गावांना प्रिय झाले, कारण विक्रीकराचा वाटा तिथून मिळतो. श्रीमंत ऑरेंज काउंटीत खजिनदार रॉबर्ट सिट्रन यांनी व्याजाच्या आशेनं कर्ज काढून सरकारी पैसा गुंतवला. १९९४ साली व्याजदर चढले, सुमारे १६५ कोटी डॉलर बुडाले आणि डिसेंबरमध्ये काउंटीनं दिवाळखोरी जाहीर केली. पुढच्या जूनमध्ये अर्धा टक्का विक्रीकर वाढवू का, असं विचारलं तेव्हा मतदारांनी साफ नाही म्हटलं.

तरी प्रपोझिशन १३ला नुसतं खलनायक ठरवता येत नाही. त्याच्यामुळे असंख्य वृद्धांना आपलं घर सोडावं लागलं नाही. २००८नंतर घरांचे भाव कोसळले तेव्हा काउंटींचं उत्पन्न त्या मानानं पुष्कळ कमी घसरलं, कारण जुन्या घरांची कागदावरची किंमत बाजाराच्या कितीतरी खाली होती. पण हेच संरक्षण मोठ्या कंपन्यांच्या इमारतींनाही मिळतं. ते काढून घेण्याचा प्रस्ताव २०२० साली थोडक्या मतांनी पडला.

अंदाजपत्रकाचे आकडे रुक्ष असतात असं आपण समजतो. मला तर त्यांत लोकांच्या भीती, आशा आणि एकमेकांशी केलेले करार दिसतात. १९७८चा तो करार करणाऱ्यांनी स्वतःला सांभाळलं, आणि त्याची किंमत बरीचशी अशा लोकांवर पडली, जे त्या दिवशी मत द्यायला हजरच नव्हते: तेव्हाची लहान मुलं, अजून न जन्मलेली माणसं, पुढे येऊन राहणारे परके. म्हणून कर कमी करण्याचं वचन कुठंही ऐकलं, की त्याबरोबर एक प्रश्न विचारायला हवा. हा भार नाहीसा होतोय, की अजून इथं न आलेल्या कुणाच्या तरी नावावर लिहिला जातोय?