न पाठवलेला मेल परत कसा येतो?

‘मेलर-डीमन’ या नावाने एखाद्या दिवशी अचानक शेदोनशे मेल येऊन पडतात. तुमचं पत्र पोहोचलं नाही, असा पत्ता आमच्याकडे नाही, वगैरे. पत्र तर आपण लिहिलेलंच नसतं. बहुतेकांना वाटतं, खातं हॅक झालं. तसं झालेलं असू शकतं, म्हणून परत आलेल्या मेलच्या हेडरमधल्या ‘रिसीव्ह्ड’ या ओळी पाहाव्यात. मूळ मेल आपल्या मेलसेवेच्या सर्व्हरवरून निघालाच नसेल, तर पासवर्ड बदलून काही साधणार नाही. कोणीतरी स्पॅम पाठवताना ‘पाठवणारा’ म्हणून आपला पत्ता ठोकून दिलेला असतो. या उलट्या माऱ्याला ‘बॅकस्कॅटर’ म्हणतात. दोष अर्थातच स्पॅमवाल्याचा. पण आपल्या दारात हा कचरा तो टाकत नाही. टाकतो तो तिसऱ्याच कुणाचा तरी, एरवी सज्जन असलेला सर्व्हर. माझ्या मते बोट आधी त्याच्याकडे दाखवायला हवं.

मुळात ईमेल चालतो तो एसएमटीपी या नियमावलीवर. जॉन पोस्टेल यांनी ती 1982 साली लिहिली, तेव्हा जाळं लहान होतं आणि पत्ता खोटा लिहिण्यात कुणाचा फायदाही नव्हता. टपालासारखाच इथेही लिफाफा वेगळा आणि आतलं पत्र वेगळं. दोन सर्व्हर बोलू लागले की पाठवणारा आधी ‘मेल फ्रॉम’ सांगतो, मग ‘आरसीपीटी टू’, आणि नंतर मजकूर देतो. आपल्याला पडद्यावर दिसतं ते आतल्या पत्रावरचं नाव. परतीचा मेल जातो तो लिफाफ्यावरच्या पत्त्याला. मूळ नियमावली यातलं काहीच पडताळत नाही. घेणाऱ्या सर्व्हरने शेवटी 250 हा आकडा कळवला की मेलची जबाबदारी त्याची: एक तर पोहोचवा, नाही तर पाठवणाऱ्याला कळवा. गोम इथे आहे. पुष्कळ सर्व्हर आधी 250 म्हणून मोकळे होतात आणि त्या नावाचं कोणी आपल्याकडे आहे का, हे मागाहून शोधतात. ‘क्यूमेल’ हे एके काळी गाजलेलं सॉफ्टवेअर मूळ रूपात असंच वागायचं. खात्यांची यादीच जवळ नसलेले राखीव सर्व्हरही तेच करतात. ऑगस्ट 2003 मध्ये ‘सोबिग’ हा व्हायरस खोट्या नावांनी फिरत होता, तेव्हा तर कित्येक अँटिव्हायरस यंत्रणा ‘तुम्ही व्हायरस पाठवलात’ असे इशारे भलत्यांनाच धाडत होत्या. औषधाचाच त्रास झाला म्हणायचा.

उपाय साधा आहे: संभाषण चालू असतानाच 550 सांगून नकार द्यायचा. समोर स्पॅमवाल्याचं यंत्र असेल तर नकार तिथेच संपतो. खरा माणूस असेल तर त्याचाच सर्व्हर त्याला कळवतो. यावर आक्षेप असा, की दारातच नकार दिला तर कोणते पत्ते खरे हे चोराला समजतं. समजतं खरं, पण चुकीच्या पत्त्यांचा सपाटा लावणारी जोडणी तोडता येते, आणि पत्ते लपवण्याची किंमत तिऱ्हाइताने का मोजावी? दुसरी सूचना येते ती सगळे बाउन्स, म्हणजे परतीचे मेल, गिळून टाकण्याची. ती अधिक घातक. पत्त्यात एक अक्षर चुकलं तर नोकरीचा अर्ज पोहोचलाच नाही, हे अर्जदाराला कधीच कळायचं नाही.

आपल्या बाजूनेही काही करता येतं. स्वतःचं डोमेन असलेली संस्था डीएनएस या डोमेनच्या सार्वजनिक नोंदवहीत एसपीएफची नोंद ठेवून आपला मेल कोणत्या सर्व्हरवरून निघतो ते जाहीर करू शकते; ही तपासणी लिफाफ्यावरच्या पत्त्याचीच होते. डीकेआयएम मेलवर डिजिटल सही करतं, आणि दिसणारं नाव या दोन्हींपैकी एकाशीही जुळलं नाही तर काय करावं, ते डीमार्क सांगतं. यात अडचणी आहेत. फॉरवर्ड केलेल्या मेलवर एसपीएफ अडखळतं. एप्रिल 2014 मध्ये याहूने आपल्या पत्त्यांसाठी डीमार्कचं ‘रिजेक्ट’ धोरण लावलं, तेव्हा जगभरच्या मेलिंग लिस्ट कोलमडल्या. पण ते दुखणं निस्तरण्यासारखं होतं. फेब्रुवारी 2024 पासून जीमेलला रोज पाच हजारांहून जास्त मेल धाडणाऱ्यांना तिन्ही गोष्टी सक्तीच्या आहेत. अर्थात घेणारा सर्व्हर या नोंदी वाचतच नसेल तर त्यांचा उपयोग शून्य, म्हणून दारातल्या नकाराला पर्याय नाही.

तेव्हा संस्थेची वेबसाइट सांभाळणाऱ्याला दोन प्रश्न विचारा: आपला सर्व्हर नसलेल्या पत्त्याचा मेल दारातच नाकारतो का, आणि या तीन नोंदी आहेत का? ज्या डोमेनवरून मेल कधीच जात नाही, त्यालाही नोंद हवी. तिथे ‘कोणताही सर्व्हर अधिकृत नाही’ असं सांगणारी एसपीएफची एक ओळ आणि डीमार्कचं ‘रिजेक्ट’ एवढं पुरतं.